नाममुद्रा ते चित्रफीत : निर्मात्याच्या हक्कांची एक चिकित्सा
(सातारा-सांगली परिसरातील लोककलेच्या संदर्भात)

प्रास्ताविक

मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण. या परिसरातील यात्रांतून सादर होणारे तमाशे, भारुडे आणि भजने आज यात्रा पांगण्यापूर्वीच मोबाईलद्वारे यूट्यूबवर पोहोचतात, आणि मुंबईस्थित जावळीकर ती तेथे बसून पाहतो. या प्रसाराचे कौतुक पुष्कळ होते. तथापि ज्याच्या लेखणीतून वा गळ्यातून ही कला उतरली, त्याचे या नव्या व्यवस्थेतील स्थान कोणते, हा प्रश्न त्या कौतुकात मागे पडतो. चित्रफितीसाठी संकेतस्थळाची निवड आणि निर्मात्याचे हक्क यांचा परस्परसंबंध तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नाममुद्रेची परंपरा

शाहिरी परंपरेत कर्तृत्वाची नोंद रचनेतच केली जाई. अखेरच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफीत असे. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथील श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी ऊर्फ पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या लावण्या अनेक फडांनी गायिल्या. गाणारा कोणीही असला तरी नाव बापूरावांचेच उच्चारले गेले. परंतु मुद्रेने नाव राखले, अर्थप्राप्ती राखली नाही. बापूरावांची अखेर विपन्नावस्थेत झाली. नाव आणि मोबदला हे दोन स्वतंत्र हक्क आहेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानेही हा भेद मानला आहे. कलम ५७ नुसार आर्थिक हक्क दुसऱ्यास दिल्यानंतरही कृतीवरील नावाचा हक्क कर्त्याकडे राहतो.

हक्काची मुदतही ध्यानात घ्यावयास हवी. साहित्यकृतीवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. बापूरावांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचना २००५ अखेर मुक्त झाल्या. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये निवर्तले. त्यामुळे त्यांच्या ‘फकिरा’ या कादंबरीवरील हक्क २०२९ अखेरपर्यंत अबाधित आहे. तिचे संपूर्ण वाचन ध्वनिचित्रमुद्रित करून प्रसृत करणाऱ्याने परवानगी घेणे आवश्यक ठरते. रचना मुक्त झाली तरी तिचे नवे ध्वनिमुद्रण मुक्त नसते, हेही विसरता येत नाही.

संकेतस्थळ : आक्षेप आणि वस्तुस्थिती

‘संकेतस्थळे निर्मात्याचा हक्क हिरावून घेतात’ असा आक्षेप वारंवार घेतला जातो. तो पूर्णांशाने खरा नाही. यूट्यूबच्या अटींनुसार स्वामित्व निर्मात्याकडेच राहते. मात्र चित्रफीत जगभर दाखविण्याचा विनामोबदला परवाना संकेतस्थळास मिळतो. २०२०-२१ पासून लागू झालेल्या अटींमुळे, उत्पन्नात वाटा नसलेल्या निर्मात्याच्या चित्रफितीवरही जाहिरात दाखविता येते. येथे हक्क जात नाही; मोबदला मात्र निर्मात्याच्या हाती राहत नाही.

अनधिकृत प्रती ओळखणारी ‘कंटेंट आयडी’ ही यूट्यूबची यंत्रणा २००७ पासून अस्तित्वात आहे. तथापि ती प्रामुख्याने मोठ्या हक्कधारकांसाठी आहे. सामान्य निर्मात्यास बहुधा स्वतः तक्रार अर्ज करावा लागतो. शिवाय ही यंत्रणा ध्वनी आणि दृश्य यांची तुलना करते. परंपरा जाणत नाही. एकच पारंपरिक चाल दोघांनी मुद्रित केली असता चुकीचा दावा उद्भवण्याची शक्यता राहते. शाहिराची मुद्रा कर्ता सांगत होती. यंत्र केवळ साम्य सांगते.

पर्यायांचा विचार हेतूनुसार करणे इष्ट. व्यापक प्रेक्षक आणि जाहिरातीचे उत्पन्न हवे असल्यास यूट्यूब. परवलीचा शब्द देऊन मर्यादित प्रेक्षकांना दाखवावयाचे असल्यास शुल्क आकारणारे व्हिमिओ. लोककलेचे जतन आणि मुक्त वापर अभिप्रेत असल्यास इंटरनेट आर्काइव्ह. मात्र कोणतेही स्थळ म्हणजे कोठार नव्हे. गूगल व्हिडिओ २०१२ मध्ये बंद झाले. जून २०२० मध्ये टिकटॉकवर भारतात बंदी आली, तेव्हा ग्रामीण महाराष्ट्रातील अनेक कलावंतांचा जमविलेला प्रेक्षक एका रात्रीत तुटला. मूळ प्रत ज्याच्या घरी होती, त्यालाच दुसरीकडे नव्याने मांडणी करणे शक्य होते.

करार : दुर्लक्षित दुवा

खरा तोटा पुष्कळदा संकेतस्थळाच्या आधीच, फडात आणि गावात होतो. कोरी पाटी प्रॉडक्शन्सच्या ‘गावाकडच्या गोष्टी’ या मालिकेने साताऱ्याकडील बोली यूट्यूबद्वारे दूरवर नेली. अशा निर्मितीत लेखक, गायक, नट, छायाचित्रकार असे अनेक हात असतात. त्यांच्यातील व्यवहार तोंडी राहिल्यास वाहिनी ज्याच्या नावे, उत्पन्न त्याच्या हाती, अशी स्थिती ओढवू शकते. कलम १९ नुसार हक्काचे हस्तांतर लेखीच असावे लागते. मुदत लिहिली नसल्यास ती ५ वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसल्यास तो भारतापुरता मानला जातो. २०१२ च्या दुरुस्तीने कलावंताचा हक्कही बळकट केला. संमतीशिवाय त्याच्या सादरीकरणाचे मुद्रण करता येत नाही. आणि चित्रपटासाठी लेखी संमती दिल्यानंतरही व्यापारी वापरातील मानधनावर त्याचा अधिकार राहतो. यात्रेत मोबाईल उंचावणाऱ्या रसिकास याची जाणीव क्वचितच असते.

हा प्रश्न महाविद्यालयांनाही परका नाही. २०२० च्या टाळेबंदीत प्राध्यापकांनी असंख्य व्याख्याने मुद्रित केली. कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून झालेल्या कृतीचा प्रथम स्वामी, वेगळा करार नसल्यास, सामान्यतः नियोक्ता ठरतो. व्याख्यान महाविद्यालयाच्या वाहिनीवर ठेवावयाचे की स्वतःच्या, हा निर्णय म्हणूनच मुद्रणापूर्वी लेखी होणे हिताचे आहे.

निष्कर्ष

संकेतस्थळाची निवड ही शेवटची पायरी आहे. तिच्याआधी सहभागींचा लेखी करार आणि मूळ प्रतीचे जतन या दोन पायऱ्या येतात. कर्त्यांची नावे चित्रफितीखालील मजकुरात देऊन भागत नाही. नक्कल करणारा तो मजकूर सहज वगळतो. ती चित्रचौकटीत उमटवावीत. हीच आजची नाममुद्रा होय. मात्र मुद्रा नाव राखते, मोबदला राखीत नाही, हा बापूरावांच्या जीवनाचा धडा आहे. मोबदल्यासाठी कागदच लागतो. लोककलेचा गौरव करणाऱ्या संस्थांनी आणि मराठी विभागांनी कलावंताच्या हाती असा कराराचा साधा मराठी मसुदा दिला, तर तो गौरव कृतीत उतरेल.