बाटलीतले दोन फुगे

श्वसन शिकवताना आपण तळ कापलेल्या बाटलीत दोन फुगे लावतो. तळाचे रबर ओढले की फुगे फुगतात. हवा आत का येते ते मुलांना पटते. पण या प्रतिकृतीत दोन उणिवा आहेत. दोन्ही फुगे सारखेच काम करतात, आणि रक्त कुठेच नाही.

फुप्फुसाच्या कर्करोगात नेमके हेच महत्त्वाचे ठरते. समजा, एक रुग्ण जोराने उच्छ्वास सोडताना पहिल्या सेकंदात २ लिटर हवा बाहेर टाकतो. त्याचे उजवे फुप्फुस काढायचे आहे. फुग्यांच्या हिशेबाने मागे उरेल १ लिटर. प्रत्यक्षात डॉक्टर टेक्नेशियम-९९एम जोडलेले अल्ब्युमिनचे कण शिरेतून देतात. ते फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि गॅमा कॅमेऱ्याला दिसतात. गाठीमुळे उजवीकडे ३० टक्केच रक्त जात असेल, तर उरतील १.४ लिटर. शस्त्रक्रिया झेपेल की नाही, हा निर्णय एवढ्या फरकाने बदलू शकतो.

अर्थात हे चित्रही रक्ताचे आहे, हवेचे नव्हे. रक्ताचा वाटा तोच कामाचा वाटा, असे आपण धरतो. म्हणून बाटली टाकून देऊ नका. ती दाखवून झाल्यावर मुलांना एवढेच विचारा: यात काय दिसत नाही?