आवडता चित्रपट आणि गाळलेले शब्द

न्हावा शेवा बंदरात काम करणारे तरुण मित्र २०२५ सालचे आपापले आवडते चित्रपट सांगत होते. बहुतेकांच्या तोंडी ‘छावा’. अनंत महादेवन यांच्या ‘फुले’चे नाव एकानेच घेतले. ‘फुले’ काहीसा व्याख्यानी आहे, हे मला मान्य. परंतु सेन्सॉर मंडळाने त्यातील ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द काढायला लावले, त्याचे काय? ज्यांच्या मुलांसाठी जोतीरावांनी शाळा काढल्या, त्यांचीच नावे पडद्याला चालत नाहीत! बंदरातला कंटेनर तपासून सुटतो, तसा चित्रपटही सुटतो. उरलेल्यातून आपण निवडतो आणि त्याला आपली आवड म्हणतो. मित्रहो, आवडत्या चित्रपटांची यादी जरूर करा. पण शेजारी गाळलेल्या शब्दांचीही यादी मांडा.