नाव, नोंद आणि पात्र

‘फ्लाइंग सर्कस’ या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये पहिल्या महायुद्धातलं सॉपविथ डॉल्फिन चालवता येतं. त्यात वैमानिकाचं डोकं वरच्या पंखातल्या फटीतून बाहेर येतं. विमान उलटलं तर पहिला मार डोक्यालाच. यंत्राचे असे तपशील जुन्या आराखड्यांतून, छायाचित्रांतून मिळतात. आमच्या बंगळुरूतही एचएएलचं संग्रहालय विमानं जपतं. वैमानिक मात्र कशातून उभा करायचा?

मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंगकर २३ व्या स्क्वाड्रनमध्ये डॉल्फिन उडवत. २७ जून १९१८ला ते उड्डाणावरून परतले नाहीत. मृत्यूची तारीख ३० जून. लष्करी नोंदी एवढं सांगतात, आणि खेळातल्या पात्राला तेवढं पुरतंही. पण रोमन लिपीतल्या त्या आडनावात ‘ग’ नाही. म्हणजे वेलिंगकर की वेलिणकर, हे मराठीत लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागतं. नावापाशीच भाषांतर सुरू होतं.

दफ्तर उड्डाणं मोजतं, बोलणं टिपत नाही. इंद्रलाल रॉय यांचे जुलै १९१८मधले दहा विजय त्यात सापडतात. कॉकपिटमध्ये कोणती भाषा ओठांवर यायची, ते नाही. ही पोकळी कल्पनेनं भरायला हरकत नाही. मात्र भरलेल्या पात्राला वेगळं नाव द्यावं. खऱ्या नावाखाली रचलेलं वाक्य उद्या पुरावा म्हणून वाचलं जातं, आणि मेलेला माणूस ते खोडू शकत नाही.