माजी सैनिकांची वेदना, नैराश्य आणि केटामाइन : चाचण्यांची चिकित्सा

प्रस्तावना : केटामाइन हे १९६२ मध्ये अमेरिकेत तयार झालेले भूल देण्याचे औषध होय. व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांवर त्याचा वापर झाला. पुढे २००० मध्ये सात रुग्णांनी पूर्ण केलेल्या एका अभ्यासात त्याच्या अल्प मात्रेने नैराश्य तीन दिवसांत उतरल्याचे दिसून आले. तेव्हापासून जुनाट वेदना आणि नैराश्य अशा दुहेरी त्रासातील माजी सैनिकांसाठीही या औषधाकडे आशेने पाहिले जाते. ही आशा पुराव्यावर कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पुराव्याचे स्वरूप : २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत १५८ आजी-माजी सैनिकांना चार आठवड्यांत आठ वेळा शिरेवाटे केटामाइन किंवा औषधविरहित द्रव देण्यात आला. केटामाइनने नैराश्य कमी झाले. परंतु ज्या आघातोत्तर ताणविकारासाठी ही चाचणी योजली होती, त्यात लक्षणीय फरक आढळला नाही. जुनाट वेदनेच्या बहुतेक प्रकारांबाबतचा पुरावा दुबळा असल्याचे अमेरिकेतील तज्ज्ञ संघटनांनी २०१८ मध्येच नमूद केले होते.

मूळ उणीव : केटामाइन देताच तरंगल्यासारखे वाटते. त्यामुळे आपणास काय मिळाले हे रुग्ण ओळखतो आणि त्याची अपेक्षाच गुणांकात उतरते. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड येथे नैराश्यग्रस्त ४० रुग्णांना शस्त्रक्रियेच्या भुलेत असताना केटामाइन किंवा औषधविरहित द्रव देण्यात आला, तेव्हा दोन्ही गट सारखेच सुधारले. यावरून औषध निष्प्रभ ठरत नाही. मात्र श्रेयातील आशेचा व शुश्रूषेचा वाटा मोजलाच गेलेला नाही, हे स्पष्ट होते.

एरंडोलचा संदर्भ : एरंडोल परिसरात घरोघरी अहिराणी बोलली जाते. 'पाठ दुखते' एवढेच सांगून मनाचे दुखणे झाकणाऱ्या माजी सैनिकास भाषांतरित प्रश्नावली कितपत बोलते करील? शिवाय एका मात्रेचा परिणाम साधारण आठवडाभरात ओसरतो. रक्तदाब वाढत असल्याने औषध देखरेखीखालीच द्यावे लागते व त्या दिवशी वाहन चालविता येत नाही. म्हणजे जळगावच्या वाऱ्या आणि सोबतीचा माणूस हाही उपचाराचाच खर्च होय. व्यसनाचा धोका ओळखून भारताने २०१३ मध्ये हे औषध 'एक्स' अनुसूचीत घातले, हेही विसरता येत नाही.

समारोप : सारांश, महाराष्ट्रात अशी चाचणी घ्यावयाची झाल्यास तुलनेसाठी गुंगी आणणारे दुसरे औषध, वेदना व नैराश्याची स्वतंत्र नोंद, रुग्णाच्या बोलीतील मुलाखत आणि महिनोन्महिने पाठपुरावा ही किमान पथ्ये पाळावी लागतील. अन्यथा गुणांक उतरेल. दुखणे मात्र घरी परतेल.