रुळांकांठचीं छायाचित्रें

गेल्या दिवाळींत नशिराबादच्या एका तरुण स्नेह्यानें आपल्या छायाचित्रांचा जाडजूड संग्रह आमच्यापुढें ठेविला आणि यांत कांहीं कला आहे कीं नुसता छंद आहे, तें भीड न धरतां सांगावें, अशी विनंति केली. संग्रहांत आगगाडीवांचून दुसरा विषय नाहीं. शंभरांवर चित्रें, आणि त्यांतील बहुतेक भादली स्टेशनाच्या अलीकडे-पलीकडे, शेतांच्या बांधांवरून घेतलेलीं. मासिकांत कविता, कादंबऱ्या, नाटकें यांचीं परीक्षणें येतात. फार तर एखाद्या चित्रकाराच्या प्रदर्शनाचें येतें. रुळाच्या कांठीं उभें राहून येत्या गाडीचें चित्र टिपणें हा प्रकार परीक्षणास पात्र आहे काय, अशी शंका प्रथम आम्हांसही आली. संग्रह दोनदां चाळल्यावर ती राहिली नाहीं. यांत दृष्टि आहे, संकेत आहेत, आणि त्या संकेतांनीं केलेलें नुकसानही आहे. कर्त्याचें नांव त्याच्याच इच्छेनें आम्ही येथें देत नाहीं.

ज्यांस हा मुलूख परिचित नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. नशिराबाद हें जळगांव व भुसावळ यांच्या दरम्यान, हमरस्त्यावरचें जुनें गांव. गांवाच्या उत्तरेस थोड्या अंतरावर रूळ, आणि त्यावर भादली हें लहानसें स्टेशन. रूळ येथें जवळजवळ पूर्व-पश्चिम जातो. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा हा रस्ता १८६७ त नागपुरास पोंचला, आणि १८७० च्या मार्चांत जबलपुराकडून तो कलकत्त्याच्या रस्त्यास मिळाला. भुसावळास या दोन वाटा फुटतात. तेव्हां मुंबईहून नागपुराकडे जाणारी गाडी असो कीं अलाहाबादेकडे जाणारी, ती नशिराबादच्या शिवारापुढूनच जाते. भुसावळ तर रेल्वेनेंच वाढविलेलें गांव. आसपासच्या खेड्यांतील कितीतरी घरांत कोणी ड्रायव्हर, कोणी फायरमन, कोणी गँगमन होऊन गेला. म्हणजे विषय आमच्या घरचा आहे. पाहण्याची रीत मात्र परघरची आहे, आणि आमच्या साऱ्या तक्रारीचें मूळ येथें आहे.

ती रीत इंग्रजांची. इंग्लंडांत रुळाकांठीं कॅमेरा घेऊन उभे राहणाऱ्यांचा एक संप्रदायच आहे, आणि त्याचा आचारही ठरलेला आहे. सूर्य पाठीशीं असावा. इंजिन तिरपें, म्हणजे तोंड आणि एक कूस दोन्ही दिसतील असें यावें. चाकांस जोडणारा दांडा खालच्या अंगास असतांनाच कळ दाबली जावी. धूर भरगच्च असावा, पण गाडीवर पडूं नये. आणि इंजिनाचा क्रमांक वाचतां यावा. एरिक ट्रेसी हा या संप्रदायांतील एक थोर पुरुष. हा पुढें वेकफील्डचा बिशप झाला. धर्मोपदेश करावा आणि सवड सांपडली कीं शॅपच्या चढावर जाऊन उभें राहावें, असा त्याचा क्रम. १९७८ त मृत्यूनें त्यास गांठलें तेंही ॲपलबीच्या स्टेशनावर, आगगाडीची वाट पाहत असतां. त्याचीं चित्रें आम्ही पुस्तकांतून पाहिलीं आहेत. चढावर इंजिन किती दमलें आहे हें त्यांत अंगास जाणवतें, आणि ड्रायव्हर-फायरमनांशीं असलेला त्याचा स्नेहही त्यांत उतरला आहे. अनुयायांनीं मात्र स्नेह तेवढा टाकला आणि नियम उचलले.

हा तिरपेपणा मुळांत आला कोठून, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. ताशीं साठ किलोमीटरनें धांवणारी गाडी एका सेकंदांत साडेसोळा मीटरांहून अधिक जाते; सेकंदाच्या पांचशेंव्या भागांतही ती तीन सेंटिमीटरांवर सरकते. जुन्या काळच्या कांचा मंद. गाडी आडवी टिपली तर त्यांवर नुसता मळका पट्टा उठावयाचा. समोरून तिरपी येणारी गाडी कांचेवर कमी सरकते, म्हणून छायाचित्रकार रुळाच्या जवळ, जवळजवळ गाडीच्या तोंडासमोर उभा राहूं लागला. अडचणीचा तोडगा होता तो पुढें शास्त्र होऊन बसला! ल्यूमिएर बंधूंच्या चलच्चित्रांतील गाडीही अशीच तिरपी स्टेशनांत शिरते. १८९६ च्या जुलैच्या ७ तारखेस मुंबईस वॉटसन्स हॉटेलांत तीं चित्रें दाखविलीं गेलीं, त्यांत आगगाडीचें आगमन होतेंच. म्हणजे आमच्या लोकांनीं पडद्यावर जें पहिल्यानें पाहिलें, त्यांतही ही वांकडी वाट होती. आज हातांतला दूरध्वनि सेकंदाचा हजारावा भाग सहज टिपतो. तरी आमचा मित्र अजून त्याच कोनांत उभा आहे.

शिवाय हे नियम खानदेशांत आले म्हणजे त्यांचे काय हाल होतात तेंही पाहावें. आपण जिला वाफ म्हणून पाहतों ती खरोखर थंड हवेंत जमलेल्या बारीक जलकणांची असते. इंग्लंडच्या हिंवाळ्यांत तिचा पांढराशुभ्र पिसारा इंजिनामागें उभा राहतो. वैशाखांत जळगांवास पारा ४५ अंशांकडे झुकला कीं तीच वाफ बाहेर पडतांच विरून जाते, आणि उरतो तो कोळशाचा मळकट धूर. तसेंच उन्हाचें. वर्षांतील बहुतेक दिवस सूर्य दक्षिणेकडून असल्यामुळें नशिराबादच्या अंगास उभ्या राहणाराच्या तो पाठीशीं असतो. परंतु मेच्या अखेरीस व पुन्हां जुलैच्या मध्यास दुपारीं तो ठीक डोक्यावर येतो, मधल्या दिवसांत किंचित् उत्तरेस सरकतो, आणि इंजिनाचीं चाकें त्याच्याच पोटाखालच्या सांवलींत बुडतात. संग्रहांत उन्हाळ्यांतलें दुपारचें एकही चित्र नाहीं. कारण विचारलें तर "प्रकाश वाईट असतो" असें उत्तर मिळालें. तो वाईट नसतो, खानदेशाचा असतो, एवढेंच. त्या उन्हांत डोक्यास पंचा गुंडाळून गिट्टी सारणारे गँगमन, फाटकाशीं थबकलेली बैलगाडी, लिंबाखालीं झांकून ठेविलेला पाण्याचा माठ, हें सारें एका परक्या देशाच्या नियमापायीं संग्रहाबाहेर राहिलें.

आतां इतिहासाची एक चुटपुट. ब्रिटिश रेल्वेनें आपल्या मुख्य मार्गांवरील वाफेचें युग ११ ऑगस्ट १९६८ रोजीं संपविलें. इकडे वाफेचें इंजिन अजून बनत होतें; चित्तरंजनच्या कारखान्यानें रुंद रुळांसाठींचें आपलें शेवटचें, 'अंतिम सितारा', १९७० त बाहेर काढलें, आणि रुंद रुळांवरील नेमाच्या गाड्यांतून वाफ गेली ती १९९५ च्या डिसेंबरांत. साहजिकच तिकडचे भक्त कॅमेरे घेऊन हिंदुस्थानांत येऊं लागले. पण नेमक्या त्याच सुमारास, म्हणजे १९७० च्या आगेंमागें, इगतपुरीपासून भुसावळपर्यंत विजेच्या तारा आल्या. भक्तांची दृष्टि अर्थातच इतरत्र, दार्जिलिंगास आणि उत्तरेकडे, वळली. परिणाम असा कीं, नशिराबादेपुढून शंभरएक वर्षें वाफेचीं इंजिनें गेलीं, पण त्यांचीं चित्रें आमच्या पाहण्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच आलीं आहेत. आणि जीं आलीं त्यांतही क्रमांक आहे, जात आहे, चाकांची संख्या आहे. पाटीवर हात टेकून बाहेर वांकलेला जो मनुष्य दिसतो, त्याच्याविषयीं खालीं एक अक्षर नाहीं.

याच्या उलट एक चित्र संग्रहाच्या शेवटीं, न चिकटवितां, सुटेंच ठेविलें होतें. आमच्या मित्राचे आजोबा भुसावळास फायरमन होते. इंजिनाच्या बाजूस तिघे उभे आहेत. मधले आजोबा, हातांत फावडें, कपाळावर कोळशाची रेघ. इंजिनाचें तोंड चौकटीबाहेर गेलें आहे, क्रमांक कापला गेला आहे, वरचा कोपरा ओलीनें खाल्ला आहे. "हें संग्रहांत घेण्याजोगें नाहीं, इंजिन ओळखूंच येत नाहीं," असें आमचा मित्र म्हणाला. आम्ही स्तब्ध झालों. ज्या चित्रांत इंजिनाची ओळख आहे त्यांत माणसाची नाहीं, आणि ज्यांत माणसाची आहे तें नातवानेंच बाद ठरविलें! शंभर चित्रांत आम्हांस पुनःपुन्हां पाहावेंसें वाटलें तें हें एक. यांत इंजिनाचें मोठेपणही अधिक कळतें, कारण त्याचें चाक त्या तिघांच्या छातीपर्यंत आलेलें आहे.

कोणी म्हणेल, हा तुमचा भावनेचा पक्षपात आहे. थोडा असेलही. तथापि विलायती कलावंतांतही श्रेष्ठ ठरले ते हा नियम मोडूनच. अमेरिकेंतील विन्स्टन लिंक यानें १९५५ पासून पांच वर्षें नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेच्या कांठीं रात्रीं दिव्यांचे लखलखाट करून चित्रें घेतलीं. १९५६ तल्या त्याच्या प्रसिद्ध चित्रांत उघड्या मैदानावरचें सिनेमागृह आहे, मोटारींत बसून लोक खेळ पाहत आहेत, पडद्यावर विमान आहे, आणि मागून वाफेची गाडी धडधडत चालली आहे. दिव्यांच्या झोतांत पडदा कोराच उठला होता, म्हणून विमान त्यानें मागाहून छापलें, हें खरें. या करामतीबद्दल त्यास कोणी दोष दिला तर आम्ही वाद घालणार नाहीं. पण गाडी संपत आली आहे आणि कोणाचें तिकडे लक्ष नाहीं, ही गोष्ट त्यानें पाहिली, ती करामतीनें येत नाहीं. स्टीव्ह मॅकरीचें १९८३ तलें आग्र्याचें चित्रही लोकांस माहीत आहे: पुढें काळें इंजिन, त्यावर माणसें, मागें ताजमहाल. तें देखणें आहे, पण आम्हांस तें जरा सोपें वाटतें. ताज मागें उभा असल्यावर इंजिनास फारसें कांहीं बोलावें लागत नाहीं. भादलीस मागें ताज नाहीं. कपाशी आहे, आणि म्हणूनच येथील काम अधिक कठीण आहे.

डिझेलच्या चित्रांत आमचा मित्र अधिक मोकळा झाला आहे, हें आनंदानें नमूद करतों. वाफेच्या इंजिनाचे अवयव बाहेर असतात. दांडे, चाकें, नळ्या, सारा संसार उघड्यावर. डिझेल म्हणजे दार लावून घेतलेली पेटी. वेग घेतांना काळा लोट सोडील तेवढाच त्याचा आविर्भाव. तेव्हां चित्रकारास नाइलाजानें आजूबाजूस पाहावें लागतें, आणि तो नाइलाज येथें फळास आला आहे. पाचोऱ्याहून जामनेरास जाणारी अडीच फुटी गाडी, जिला सारा मुलूख 'पीजे' म्हणे, २०२० त थांबली ती त्या रुळांवर पुन्हां धांवली नाहीं. तिच्या अखेरच्या दोन वर्षांतलीं बारा-पंधरा चित्रें संग्रहांत आहेत. शेंदुर्णीस डब्याच्या दारांत दुधाच्या किटल्या घेऊन बसलेले दोघे, खिडकीबाहेर लोंबणारी भाजीची पिशवी, पहूरला गाडी थांबली असतां खालीं उतरून इंजिनाशीं गप्पा मारावयास गेलेला एक म्हातारा. इंजिन कोणत्या जातीचें, हें विचारण्याचें भान आम्हांस राहिलें नाहीं. यांतील चार-पांच तरी चांगल्या कागदावर छापून जामनेरच्या एखाद्या वाचनालयांत लावावींत.

दोष आणखीही आहेत. नदीवरच्या पुलाचीं चित्रें सरासरी आहेत, आणि दोन तरी अशीं आहेत कीं तीं रुळांच्या मधोमध उभें राहिल्यावांचून मिळणें शक्य नाहीं. १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणें तो गुन्हा आहे, आणि जीवाशीं खेळ तर आहेच. बांधावर कॅमेरा ठेवून मिळत नाहीं असें चित्र गेलें तरी चालेल. सूर्यास्ताच्या रंगांचीं सात चित्रें आहेत. एक पुरे होतें.

एक चित्र तो पुसून टाकणार होता. मार्गशीर्षांतली सकाळ, कापूस वेंचणाऱ्या बाया पुढें, मागें मालगाडी आडवी चालली आहे आणि हललेल्या हातामुळें पुरती पुसट झाली आहे. बायांपैकीं एकीनेंही मान वर केलेली नाहीं. तें पुसूं नये, असें आम्ही निक्षून सांगितलें. आजोबांच्या चित्राविषयीं मात्र सांगावें लागलें नाहीं. तें त्यानें घरीं नेऊन आजीस दाखविलें. डावीकडचा कोण हें तिनें लगेच सांगितलें. उजवीकडच्यास ती नुसतें 'रावेरचे' म्हणून ओळखते, नांव आठवत नाहीं. तें विचारण्यास तो येत्या पाडव्यास भुसावळास जाणार आहे.