दानलेखाची शेवटची ओळ

औंढ्याहून कार्ल्याची लेणी फार दूर नाहीत. तेथील चैत्यगृहातील उषवदाताचा प्राकृत शिलालेख इतिहासाचे साधन म्हणून अनेकांनी अभ्यासला आहे. आम्हांस तो वाङ्मय म्हणूनही वाचावासा वाटतो.

क्षहरात नहपानाचा हा जावई प्रथम आपली थोरवी सांगतो. तीन लाख गाई दिल्या, सोळा गावे दिली, वर्षाला लाख ब्राह्मणांना जेवू घातले! हा भाग फुगलेला आहे. मात्र शेवटी सूर पालटतो. वलूरकच्या लेण्यांत राहणाऱ्या, चारी दिशांच्या संघातील, वर्षावास करणाऱ्या सर्व प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिले, एवढेच तो सांगतो. मावळचा पाऊस ज्याने अनुभवला आहे, त्याला या ओळीचे मोल निराळे सांगावे लागत नाही. आमच्या मते लेखाचा प्राण या ओळीत आहे.

पुढे राज्य पालटले. सातवाहन राजाने मामाल येथील, म्हणजे आपल्या मावळातील, अमात्यास आज्ञा करून तेच गाव वलूरकच्या भिक्षूंना दिले. पण आता महासांघिक पंथाचे नाव घालून. दान टिकले, परंतु ‘चारी दिशा’ आक्रसल्या.

आपली ख्रिस्तसभा या मोहापासून मुक्त होती काय? मध्ययुगीन इंग्लंडात धर्मग्रामांचे उत्पन्न अनेकदा मठांनी आपल्याकडे घेतले. धान्याचा मोठा दशमांश मठाकडे जाई. लोकांत राहून सेवा करणाऱ्या व्हिकरच्या वाट्याला बहुधा लहानसहान दशमांश, घर आणि थोडी जमीन येई. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने उघड कबुली दिली, की काही प्रदेशांत धर्मगुरूंना दशमांशाचा केवळ सोळावा हिस्सा मिळतो आणि म्हणून तेथे सुशिक्षित धर्मगुरू सापडत नाहीत. त्यांना पुरेसा वाटा द्यावा, असा तिने नियम केला. दात्यांनी दिले होते. हेतू मात्र वाटेत हरवला होता.

आता आपल्या रौप्य व सुवर्ण महोत्सवांच्या स्मरणिका पाहाव्यात. त्यांत मंदिराची उंची असते, घंटेचे वजन असते, देणगीदारांची छायाचित्रे असतात. मंदिरामागील शेत कोणी, कशासाठी दिले, हे क्वचितच आढळते. हा केवळ लेखनदोष नव्हे. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार ख्रिस्तसभेची मालमत्ता उपासना, धर्मसेवकांचा निर्वाह, प्रेषितकार्य आणि विशेषतः गरिबांची सेवा यांसाठी आहे. दात्याचा हेतू काटेकोरपणे पाळावा, असेही ती बजावते. जो हेतू कोणी लिहूनच ठेवला नाही, तो पाळणार कोण?

उषवदाताच्या बढाईचे अनुकरण आपण पुष्कळ केले. त्याची शेवटची ओळ तेवढी घ्यावयाची राहिली आहे. घरोघरच्या वृद्धांना ती अजून ठाऊक असेल. त्यांच्याकडून ती आजच लिहून घ्यावी.