मध्ययुग नेमके कोणाचे? : ‘द टाइम वॉरियर’ या दूरचित्रवाणी कथेचे पुनर्वाचन

प्रास्ताविक

लोकप्रिय माध्यमांतील कलाकृतींकडे गंभीर समीक्षेचे लक्ष सहसा जात नाही. ‘मुलांसाठीचे मनोरंजन’ असा शिक्का बसला की त्या कृतीतील विचारव्यूह तपासण्याची गरज कोणाला वाटत नाही. वस्तुतः एखादा समाज स्वतःच्या भूतकाळाकडे कसा पाहतो, हे अशा कृतींतून अनेकदा अधिक मोकळेपणाने व्यक्त होते. या दृष्टीने बी.बी.सी.च्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेतील ‘द टाइम वॉरियर’ या कथेचे पुनर्वाचन करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

‘डॉक्टर हू’ची सुरुवात २३ नोव्हेंबर १९६३ रोजी झाली. आरंभीच्या काळात या मालिकेत निखळ ऐतिहासिक कथा असत. नायक कालप्रवास करून भूतकाळात जाई. परंतु तेथे कोणताही परग्रहवासी नसे. ‘द अ‍ॅझ्टेक्स’ (१९६४) आणि ‘द क्रुसेड’ (१९६५) ही त्याची ठळक उदाहरणे होत. १९६७ च्या प्रारंभी ही परंपरा जवळजवळ संपुष्टात आली. रॉबर्ट होम्स यांनी लिहिलेली आणि अ‍ॅलन ब्रॉमली यांनी दिग्दर्शित केलेली ‘द टाइम वॉरियर’ १५ डिसेंबर १९७३ ते ५ जानेवारी १९७४ या काळात चार भागांत प्रक्षेपित झाली. तिच्यात भूतकाळ परत आला, पण विज्ञानकथेचे बोट धरून.

कथानक आणि त्यातील सौदा

लिंक्स हा सोंटारन वंशाचा योद्धा. त्याचे यान इंग्लंडमध्ये मध्ययुगात कोसळते. यानाच्या दुरुस्तीसाठी तो विसाव्या शतकातील शास्त्रज्ञांना काळाच्या पलीकडून पळवून आणतो आणि त्यांना संमोहित करून राबवतो. आयर्नग्रॉन नावाचा एक दांडगा लुटारू सरदार त्याला किल्ल्यात आश्रय देतो. त्या मोबदल्यात लिंक्स त्याला बंदुका देतो. शास्त्रज्ञांचा शोध घेत डॉक्टर (जॉन पर्टवी) तेथे पोहोचतो. त्याच्या यानात लपून सेरा जेन स्मिथ (एलिझाबेथ स्लेडन) ही पत्रकार तरुणीही येते. सोंटारन आणि सेरा जेन या दोघांचेही मालिकेतील हे पहिलेच दर्शन होय.

पृथ्वीवर पाऊल ठेवताच लिंक्स ध्वज रोवतो आणि हा ग्रह आपल्या साम्राज्याचा असल्याचे जाहीर करतो. हा प्रसंग हसू आणणारा आहे. परंतु त्यातील उपहास नीट पारखून घ्यावा लागतो. अनोळखी किनाऱ्यावर उतरून, तेथील रहिवाशांना न विचारता, निशाण रोवून भूमी आपली म्हणण्याचा विधी युरोपीय दर्यावर्दींनी शतकानुशतके केला. येथे तोच विधी इंग्लंडच्या भूमीवर, इंग्लिश माणसासमोर घडतो. साम्राज्य गमावलेल्या देशाच्या दूरचित्रवाणीने, बहुधा फारसा विचार न करता, स्वतःलाच वसाहतीच्या जागी उभे केले आहे. स्थानिक सरदाराला शस्त्रे पुरवून आपले काम साधून घेणे, ही लिंक्सची नीतीही भारतीय वाचकाला अपरिचित वाटणार नाही.

लिंक्सला रोखण्याचे कारण डॉक्टर सांगतो ते असे : माणसाला ही शस्त्रे अकाली मिळाली, तर सतराव्या शतकापर्यंत तो अण्वस्त्रांपर्यंत पोहोचेल आणि ती पेलण्याइतका सुसंस्कृत होण्याआधीच स्वतःचा ग्रह नष्ट करील. या युक्तिवादात एक गृहीत दडलेले आहे. विसाव्या शतकात ही शस्त्रे हाती आली तेव्हा माणूस पुरेसा सुसंस्कृत झाला होता, हे ते गृहीत. १९७३ चा प्रेक्षक शीतयुद्धाच्या छायेत जगत होता. त्याला या गृहीताची खात्री कितपत वाटली असेल? कथा हा प्रश्न विचारत नाही. पण तो टाळताही येत नाही.

स्वयंपाकघरातील संवाद

या कथेतील सर्वांत चर्चनीय प्रसंग किल्ल्याच्या स्वयंपाकघरात घडतो. आयर्नग्रॉनच्या माणसांच्या जेवणात गुंगीचे औषध मिसळण्यासाठी सेरा तेथे मोलकरणीच्या वेषात शिरते. पुरुषांची सेवा मुकाट्याने का करता, असे ती तेथील स्त्रियांना विचारते. त्यांना ती कल्पनाच हास्यास्पद वाटते. तेव्हा तुम्ही अजून मध्ययुगातच राहता आहात, असे सेरा वैतागून बोलून जाते. त्या खरोखरच मध्ययुगात राहत असल्याने विनोद साधतो.

या विनोदाला दोन बाजू आहेत. पहिली बाजू अशी की, याच कथेच्या आरंभी डॉक्टर सेराला तळावर राहू देतो ते कॉफी करायला कोणीतरी हवे म्हणून. म्हणजे विसाव्या शतकातील प्रयोगशाळा आणि मध्ययुगीन स्वयंपाकघर यांत लेखकाने दाखवलेले अंतर फारसे मोठे नाही. ब्रिटनमध्ये लिंगभेदविरोधी कायदा १९७५ मध्ये झाला, हे येथे लक्षात घ्यावे. या पातळीवर कथा आपल्याच काळाची चेष्टा करते आणि ती यशस्वी होते.

दुसरी बाजू मात्र मर्यादेची आहे. स्वयंपाकघरातील स्त्रियांना कथेने स्वतःचे मन दिलेले नाही. त्या केवळ सेराच्या उपदेशाला नकार देण्यापुरत्या येतात. विशेष म्हणजे याच कथेत लेडी एलिनॉर आहे. आजारी आणि द्विधा मनःस्थितीतील पतीऐवजी ती स्वतः निर्णय घेते, आयर्नग्रॉनला मारण्यासाठी हॅल या धनुर्धराला पाठवते. मध्ययुगीन स्त्री म्हणजे केवळ मूक सेविका, या सेराच्या समजुतीला छेद देणारे पात्र कथेतच हजर असूनही त्याची दखल ना सेरा घेते, ना लेखक.

मराठी वाचकाला येथे जनाबाईंची आठवण होणे स्वाभाविक आहे. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी ही स्त्री त्याच कष्टांच्या मधून विठ्ठलाशी भांडते, त्याला आपल्या कामाला जुंपते. तेराव्या शतकातील महानुभाव महदाइसेला मराठीची आद्य कवयित्री मानले जाते. त्या काळात विषमता नव्हती, असे यातून सिद्ध होत नाही. परंतु मध्ययुगातील राबणाऱ्या स्त्रीला वाणी नव्हती, हे म्हणणे मात्र टिकत नाही. जात्यापाशी बसलेल्या स्त्रीजवळ प्रश्न नसतात, ही समजूत आधुनिकांची आहे.

खोटा किल्ला, खरा प्रश्न

या कथेचे बाह्यचित्रीकरण चेशायर परगण्यातील पेकफोर्टन किल्ल्यात झाले. हा किल्ला मध्ययुगीन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, रेल्वे धावू लागल्यानंतर, एका श्रीमंत जमीनदारासाठी मध्ययुगीन शैलीचे अनुकरण करून तो बांधला गेला. कथेत सेराला सुरुवातीला हा सारा ऐतिहासिक देखाव्याचा खेळ वाटतो. एका अर्थाने तिचा तो समज चूक नव्हता. पडद्यावर दिसणारे मध्ययुग हे आधुनिक काळाने स्वतःच्या गरजेसाठी उभारलेले बांधकाम आहे.

जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेशी तुलना करता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. नारळीकरांचा इतिहासाचा प्राध्यापक दुसऱ्या इतिहासात पोहोचतो तेव्हा त्याचे स्वतःचे ज्ञान अपुरे ठरते. त्याला ग्रंथालयात जाऊन पुन्हा वाचावे लागते. सेराला आणि डॉक्टरला मात्र भूतकाळाकडून काही शिकावे लागत नाही. ‘द टाइम वॉरियर’ची खरी उणीव ही आहे. तिच्यातील ढोबळ नेपथ्य वा यांत्रिक योद्धा हे दोष त्यापुढे गौण ठरतात.

निष्कर्ष

‘द टाइम वॉरियर’ ही चुरचुरीत संवादांची, नेटक्या बांधणीची कथा आहे आणि पन्नास वर्षांनंतरही ती रंजक वाटते. तिचे मोल मात्र तिने नकळत उघड केलेल्या सवयीत आहे. आपल्याला नकोसे वाटणारे सारे काही भूतकाळाच्या खात्यावर मांडण्याची ही सवय केवळ इंग्रजांची नाही. आपल्या आजूबाजूला जातीच्या नावाने हिंसा होते, मुलींच्या लग्नाचे निर्णय परस्पर घेतले जातात, तेव्हा वर्तमानपत्रांत आणि वर्गातही आपण सहजपणे ‘मध्ययुगीन मानसिकता’ असे म्हणून मोकळे होतो. ती हिंसा आपल्या शतकातील असते, आपल्याच शाळा-महाविद्यालयांत शिकलेली माणसे ती करतात. तिला मध्ययुगीन म्हटल्याने मध्ययुगावर अन्याय होतोच. त्याहून गंभीर बाब म्हणजे आपली जबाबदारी सात शतके मागे ढकलली जाते. हा शब्द वर्गात उच्चारण्यापूर्वी अध्यापकाने क्षणभर थांबावे, इतके जरी या जुन्या कथेच्या पुनर्वाचनाने साधले तरी ते सार्थकी लागले असे म्हणता येईल.